‘क्युअर लाइट वूंड्स’ : एका काल्पनिक उपचारमंत्राचा इतिहास (१९७४ ते २०२४)

सारांश

१९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळात ‘क्युअर लाइट वूंड्स’ (किरकोळ जखमा बऱ्या करणे) या नावाचा एक प्राथमिक उपचारमंत्र होता. पुढील पन्नास वर्षांत या मंत्राचे नियम प्रत्येक आवृत्तीत बदलत गेले. प्रस्तुत शोधनिबंधात या बदलांचा कालानुक्रमे आढावा घेतला असून जखम, विश्रांती, मृत्यू आणि शुश्रूषा यांविषयीच्या कल्पना त्यातून कशा व्यक्त होतात, याचा शोध घेतला आहे. उपचार क्रमाने अधिक वेगवान, विपुल व धर्मनिरपेक्ष होत गेला. मात्र उपचार कोणी करायचा आणि तो कोणाला परवडतो हे प्रश्न शिल्लक राहिले, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजशब्द : भूमिकाखेळ, उपचारमंत्र, हिट पॉइंट, क्लेरिक, शुश्रूषा, सांस्कृतिक इतिहास.

प्रस्तावना

मंत्राने जखम बरी व्हावी ही मानवाची इच्छा अतिप्राचीन आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील बारावे सूक्त तुटलेले अवयव सांधण्यासाठी रोहिणी नावाच्या वनस्पतीला उद्देशून रचलेले आहे. मज्जेशी मज्जा, त्वचेशी त्वचा आणि मांसाशी मांस जुळून यावे अशी त्यातील प्रार्थना आहे. जर्मनीतील मेर्सेबुर्ग येथील कॅथेड्रलच्या ग्रंथालयात १८४१ मध्ये गेओर्ग वाइट्झ यांना दहाव्या शतकातील दोन मंत्र सापडले आणि १८४२ मध्ये याकोब ग्रिम यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांपैकी दुसरा मंत्र घोड्याच्या लचकलेल्या पायासाठी आहे. त्यातही हाडाला हाड, रक्ताला रक्त आणि अवयवाला अवयव जोडण्याची भाषा आहे. या दोन रचनांतील साम्याकडे आडालबेर्ट कून यांनी एकोणिसाव्या शतकातच विद्वानांचे लक्ष वेधले होते. हे साम्य समान वारशामुळे आले की स्वतंत्रपणे निर्माण झाले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि, जखमेपुढे हतबल झालेला माणूस शब्दाचा आधार घेतो, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जुन्या कल्पनेला एक अनपेक्षित निवासस्थान मिळाले. ते म्हणजे मेजाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळला जाणारा भूमिकाखेळ. या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि एक सूत्रधार, म्हणजे डन्जन मास्टर, जगाचे व संकटांचे वर्णन करतो. पात्रे भुयारांत उतरतात, राक्षसांशी लढतात, जखमी होतात आणि मंत्राने बरी होतात. या मंत्रावर खेळणाऱ्यांचा विश्वास नसतो. असतो तो केवळ नियम. विश्वास वजा केल्यावर उपचारमंत्राचे काय उरते, हे पाहण्यासाठी हा खेळ म्हणूनच एक उत्तम साधन ठरतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. ‘क्युअर लाइट वूंड्स’ या मंत्राच्या उगमाची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. १९७४ ते २०२४ या काळातील नियमबदलांचा तुलनात्मक अभ्यास करणे.
३. या बदलांतून व्यक्त होणाऱ्या शुश्रूषाविषयक दृष्टिकोनाची मीमांसा करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. नियमपुस्तके ही येथे प्राथमिक साधने मानली आहेत. एखाद्या राज्याचे कायदे वाचून त्या समाजाच्या चिंता ओळखता येतात, त्याच न्यायाने खेळाच्या नियमांतून खेळणाऱ्या समाजाच्या अपेक्षा ओळखता येतात, हे येथील गृहीतक आहे.

उगम : युद्धखेळ, जहाजे आणि धर्मगुरू

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा जन्म युद्धखेळांच्या परंपरेत झाला. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या अखेरीस चेटकी, ड्रॅगन इत्यादींसाठी एक काल्पनिक पुरवणी होती. याच सुमारास मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन यांनी ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक प्रदेशातील खेळ सुरू केला होता. या दोघांच्या सहकार्यातून जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथील टॅक्टिकल स्टडीज रूल्स (टीएसआर) या नव्या संस्थेने तीन पुस्तिकांचा संच प्रसिद्ध केला. पहिल्या मुद्रणाच्या १००० प्रती होत्या आणि किंमत १० डॉलर होती.

‘चेनमेल’मध्ये साध्या सैनिकाला एक यशस्वी घाव बसला की तो पटावरून उचलला जात असे. तेथे जखमी ही अवस्थाच नव्हती. सैनिक जिवंत असे किंवा मृत. उपचारमंत्राला तेथे स्थान नव्हते, कारण बरे करण्यासारखे काही शिल्लकच राहत नव्हते. आर्नेसन यांच्या खेळाडूंना मात्र आपापल्या पात्राविषयी ममत्व वाटू लागले आणि एका घावात ते नाहीसे होणे त्यांना मान्य होईना. आर्नेसन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, अमेरिकी यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या खेळासाठी तयार केलेला नियम त्यांनी माणसांना लावला. जहाज किती मार सोसून तरंगत राहील याचा जसा आकडा असतो, तसाच आकडा प्रत्येक पात्राला मिळाला. यालाच ‘हिट पॉइंट’ असे म्हणतात.

या उसनवारीचा परिणाम दूरगामी ठरला. जहाज आजारी पडत नाही, त्याला वेदना होत नाहीत, त्याचा व्रण राहत नाही. त्याची केवळ डागडुजी होते. हिट पॉइंटच्या स्वरूपात मानवी शरीराकडे पाहण्याची हीच दृष्टी खेळात आली. पात्राला २० पैकी १ पॉइंट उरला असला तरी ते पूर्ण ताकदीने लढते. हात मोडला, रक्त वाहिले, ताप भरला याची नोंद आकड्यात होत नाही. अथर्ववेदातील किंवा मेर्सेबुर्ग येथील मंत्र विशिष्ट हाडाशी, विशिष्ट सांध्याशी बोलतो. नव्या मंत्राला बोलायचे होते ते एका संख्येशी.

उपचार करणाऱ्या पात्राचा उगमही ‘ब्लॅकमूर’मध्येच आहे. तेथे एका खेळाडूचे ‘सर फँग’ हे रक्तपिपासू पात्र फारच प्रबळ झाले होते. त्याला तोंड देण्यासाठी धर्मगुरू आणि पिशाचशिकारी यांचे मिश्रण असलेले पात्र निर्माण करण्यात आले. यातूनच ‘क्लेरिक’ हा वर्ग सिद्ध झाला. म्हणजे क्लेरिक हा मुळात वैद्य म्हणून जन्मला नाही. मृतांविरुद्ध लढणारा धर्मयोद्धा हे त्याचे मूळ रूप होते. शुश्रूषा त्याच्याकडे नंतर चिकटली आणि पुढे तीच त्याची ओळख बनली.

क्लेरिकच्या मंत्रांच्या यादीवर बायबलमधील चमत्कारांची छाप स्पष्ट दिसते. काठ्यांचे सर्प करणे, टोळधाडीसारखी कीटकांची धाड आणणे, अन्न निर्माण करणे, मृताला उठवणे हे मंत्र त्याची साक्ष देतात. हस्तस्पर्शाने बरे करण्याची कल्पनाही ख्रिस्ती परंपरेत रुजलेली होती. मार्क ब्लॉक यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फ्रान्स व इंग्लंडच्या राजांच्या स्पर्शाने गंडमाळा बरी होते या समजुतीचा इतिहास मांडला आहे. इंग्लंडमध्ये राणी ॲन यांनी १७१२ मध्ये बालवयातील सॅम्युएल जॉन्सन यांना असा स्पर्श केला होता. फ्रान्समध्ये १८२५ मध्ये दहाव्या चार्ल्सने हा विधी अखेरचा केला. राजदरबारातून लुप्त झालेला हा स्पर्श दीडशे वर्षांनी खेळाच्या पटावर पुन्हा अवतरला. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतील पॅलाडिन या धर्मवीराला तर मंत्राशिवाय केवळ हात ठेवून बरे करण्याची शक्ती मिळाली.

१९७४ चा मंत्र : दहा मिनिटे आणि एक फासा

१९७४ च्या नियमांनुसार ‘क्युअर लाइट वूंड्स’ची रचना अत्यंत साधी होती. सहा बाजूंचा एक फासा टाकावा, त्यात एक मिळवावा आणि येणारी संख्या जखमीच्या हानीतून वजा करावी. म्हणजे २ ते ७ पॉइंट भरून निघत. यासाठी एक पूर्ण ‘टर्न’, म्हणजे खेळातील दहा मिनिटे लागत.

या संख्येचे मर्म त्या काळच्या इतर संख्यांशेजारी ठेवल्यावरच कळते. पहिल्या पातळीवरील योद्ध्याचे एकूण हिट पॉइंट एक फासा अधिक एक, म्हणजे नेमके २ ते ७ असत. शस्त्राचा एक घाव सर्वसाधारणपणे एका फाशाची, म्हणजे १ ते ६ पॉइंटची हानी करी. याचा अर्थ असा की ‘किरकोळ जखम’ म्हणजे नवख्या योद्ध्याचे सरासरी संपूर्ण आयुष्य होते. नावात किरकोळपणा असला तरी मंत्राची शक्ती किरकोळ नव्हती.

हा मंत्र दुर्मीळही होता. पहिल्या पातळीवरील क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे. दुसऱ्या पातळीवर तो दिवसातून एक मंत्र वापरू शके. मंत्र आधीच मनात धारण करून ठेवायचा आणि वापरला की तो विसरायचा, ही रीत गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) व त्यानंतरच्या कथांवरून घेतली होती. त्यामुळे हा एक मंत्र दुसऱ्याच्या जखमेसाठी राखून ठेवणे म्हणजे आपली दिवसभराची सारी दैवी शक्ती सोबत्याला अर्पण करणे होते.

दोन मर्यादा विशेष लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे वेळ. लढाई चालू असताना दहा मिनिटे मिळणे अशक्य होते. साहजिकच उपचार हा लढाईनंतरचा प्रसंग होता. दुसरी मर्यादा मृत्यूची. शून्य पॉइंटला पात्र मरत असे. मरणाच्या उंबरठ्यावरून परत आणण्याचे सामर्थ्य या मंत्रात नव्हते. त्यासाठी पाचव्या पातळीवरील ‘रेझ डेड’ हा वेगळाच मंत्र होता. मंत्र नसेल तर विश्रांतीचा आधार होता. पण पहिल्या दिवशी काहीच भरून येत नसे आणि त्यानंतर एक दिवसाआड एक पॉइंट मिळे. मंत्राने सरासरी साडेचार पॉइंट भरून येतात, हे लक्षात घेतले तर एका मंत्राची किंमत सुमारे नऊ दिवसांच्या अंथरुणाइतकी होती.

प्रगत आवृत्ती : जखम म्हणजे नेमके काय?

१९७८ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे ‘प्लेअर्स हँडबुक’ प्रसिद्ध झाले. त्यात आठ बाजूंचा फासा आला, म्हणजे १ ते ८ पॉइंट भरून येऊ लागले. स्पर्श आवश्यक ठरला. उच्चार आणि हस्तक्रिया ही मंत्राची दोन अंगे सांगितली गेली. कालावधी दहा मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर आला. पहिल्या पातळीपासूनच क्लेरिकला मंत्र मिळू लागले. मंत्राचे उलट रूपही देण्यात आले. त्याच स्पर्शाने जखम करता येई. मंत्राचा समावेश ‘नेक्रोमँटिक’ म्हणजे जीवन-मरणाच्या शक्तींशी संबंधित शाखेत होता. मारणारा आणि तारणारा हात एकच, ही कल्पना त्यामागे दिसते.

येथे एक मौज नोंदवण्यासारखी आहे. उच्चार हे अनिवार्य अंग असले तरी काय उच्चारायचे हे पुस्तकात कोठेही दिलेले नाही. हा शब्दाविना मंत्र आहे. पारंपरिक मंत्राची सारी शक्ती त्याच्या अचूक शब्दांत असते. एक अक्षर चुकले तर तो निष्फळ होतो अशी धारणा असते. येथे शब्दाची जागा फाशाने घेतली. १९७६ च्या ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ या पुरवणीत आणि १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ या ग्रंथात ग्रीक, इजिप्शियन, नॉर्स यांबरोबर इंद्र, अग्नी, वरुण, यम आदी भारतीय देवतांनाही स्थान मिळाले. परंतु क्लेरिक इंद्राचा उपासक असो वा अपोलोचा, मंत्र तोच आणि फासाही तोच. देवता बदलल्या तरी उपचारात फरक पडत नाही, ही गोष्ट धर्माच्या इतिहासाच्या दृष्टीने अजब, तर खेळाच्या समतोलाच्या दृष्टीने अपरिहार्य होती.

पातळीगणिक हिट पॉइंट वाढत असल्याने आणखी एक अडचण उभी राहिली. ५० पॉइंट असलेल्या निष्णात योद्ध्याला पूर्ण बरे करण्यासाठी सरासरी अकरा मंत्र लागत, तर नवख्याला एखाददुसरा पुरे. मग ५० पॉइंट असलेला योद्धा खरोखरच तलवारीचे दहा घाव सोसतो काय? गायगॅक्स यांनी १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये उत्तर दिले की, हिट पॉइंट म्हणजे केवळ शरीर नव्हे, त्यात कौशल्य, दैव आणि दैवी कृपा यांचाही वाटा आहे. उत्तर तर्कशुद्ध होते, पण त्यामुळे मंत्राचे नावच संशयास्पद ठरले. हानी जर बव्हंशी कौशल्याची व दैवाची असेल, तर क्लेरिक नेमकी कोणती जखम भरून काढतो? हा पेच पुढील कोणत्याही आवृत्तीत पूर्णपणे सुटला नाही.

विश्रांतीचा वेग १९७९ मध्ये दिवसाला एक पॉइंट असा ठरला. म्हणजे मंत्राने आता सुमारे साडेचार दिवस वाचत. मंत्राचा अनिवार्यपणा कायम होता. म्हणूनच ‘क्लेरिक कोण होणार?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या गटात उभा राही. लढणे, चोरवाटा शोधणे, जादूचा अग्नी फेकणे यांत प्रत्यक्ष नाट्य होते. जखमा भरणे आवश्यक होते, पण त्याचे पोवाडे कोणी गात नसे.

१९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी संपादित केलेल्या प्राथमिक संचात नवख्या खेळाडूसाठी एकट्याने वाचत खेळायची एक कथा आहे. तीत अलीना नावाची तरुण क्लेरिक वाचकाला भेटते, खेळ समजावून सांगते, त्याच्या जखमा बऱ्या करते. आणि थोड्याच वेळात बार्गल नावाच्या दुष्ट जादूगाराच्या हातून मारली जाते. बरी करणारीच मेल्यावर तिला बरे करणारे तेथे कोणीही उरत नाही. शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा कोण करणार, हा प्रश्न असंख्य किशोरवयीन वाचकांपुढे बहुधा प्रथमच या रूपाने आला. खेळाच्या अनेक जुन्या जाणकारांना अलीनाचे मरण आजही आठवते, ते यामुळेच.

तिसरी आवृत्ती : उपचाराचा बाजार

१९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. आता आठ बाजूंच्या फाशात क्लेरिकच्या पातळीइतकी, पण जास्तीत जास्त पाच, भर पडू लागली. मंत्राची शाखाही बदलली. तो ‘कॉन्ज्युरेशन’, म्हणजे अन्यत्र असलेली शक्ती आणून देण्याच्या विद्येत गणला जाऊ लागला. सत्प्रवृत्त क्लेरिकला कोणताही धारण केलेला मंत्र ऐनवेळी उपचारमंत्रात बदलण्याची मुभा मिळाली. सोबत्यासाठी आपला दिवस राखून ठेवण्याची जुनी सक्ती त्यामुळे सैल झाली. क्लेरिकला इतर बाबतींतही बळ देण्यात आले, जेणेकरून ही भूमिका कोणालाही शिक्षा वाटू नये.

या आवृत्तीतील सर्वात बोलका तपशील मात्र किंमतपत्रकात आहे. ‘क्युअर लाइट वूंड्स’ची ५० वेळा वापरता येणारी जादूची कांडी ७५० सुवर्णमुद्रांना मिळत असे, म्हणजे एका वापराची किंमत १५ सुवर्णमुद्रा. एका वापरात सरासरी साडेपाच पॉइंट भरत, म्हणजे पूर्ण कांडीत सुमारे २७५ पॉइंट. साहसी पात्रांसाठी हा सौदा इतका स्वस्त होता की प्रत्येक गट कांडी बाळगू लागला आणि लढाईनंतरचा उपचार हा हिशेबाचा भाग बनला.

त्याच पुस्तकात अकुशल मजुराची रोजी एक रौप्यमुद्रा दिली आहे आणि दहा रौप्यमुद्रांची एक सुवर्णमुद्रा होते. पहिल्या पातळीवरील क्लेरिककडून हा मंत्र विकत घ्यायचा तर किमान १० सुवर्णमुद्रा, म्हणजे मजुराची शंभर दिवसांची पूर्ण कमाई मोजावी लागे. कांडीच्या एका वापराची किंमत तर दीडशे दिवसांची कमाई होते. साहसी पात्राला जी किरकोळ खरेदी वाटते, ती त्याच गावातील मजुराच्या आवाक्याबाहेर आहे. खेळाच्या रचनाकारांनी हे आरोग्यव्यवस्थेवरील भाष्य म्हणून लिहिले असावे असे मानण्यास आधार नाही. किमती ठरवताना त्यांच्यासमोर साहसी पात्रेच होती. परंतु नेमक्या त्याच कारणाने हे किंमतपत्रक अभ्यासनीय ठरते. ज्या जगात स्पर्शाने जखम बरी होते, त्या जगातही गरीब माणूस जखमी का राहतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

संगणक-खेळांतील विस्तार

या मंत्राचा प्रवास मेजापुरता मर्यादित राहिला नाही. १९८१ मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांच्या ‘विझार्ड्री’ या संगणक-खेळात धर्मगुरूचा ‘डिओस’ हा मंत्र १ ते ८ पॉइंट भरून देत असे. ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीशी असलेले त्याचे नाते उघड आहे. विशेष म्हणजे येथे मंत्राचे नाव कळफलकावर टंकावे लागे. मेजावर हरवलेला शब्द अशा रीतीने यंत्रापुढे परत आला. जपानमध्ये १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मधील ‘होइमी’ आणि १९८७ च्या ‘फायनल फँटसी’ मधील श्वेत जादूगाराचा ‘केआरु’ हे याच वंशातील मंत्र होत. तेथे धर्मगुरूची जागा जादूगाराने घेतली आणि उपचाराचा देवाशी असलेला संबंध आणखी विरळ झाला.

१९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या महाजालावरील खेळात क्लेरिकची भूमिका अत्यंत कष्टाची होती. ‘कम्प्लीट हील’ या मंत्राला दहा सेकंद लागत. मोठ्या शत्रूशी लढताना अनेक क्लेरिक साखळी करून ठरावीक अंतराने आळीपाळीने हा मंत्र म्हणत, जेणेकरून आघाडीच्या योद्ध्यावर उपचार अखंड होत राहावा. त्यांना लढाई पाहायलाही सवड नसे. त्यांचे लक्ष आपल्या पाळीवर खिळलेले असे. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मार सोसणारा, मार देणारा आणि बरे करणारा ही त्रिविध विभागणी पक्की झाली. ४० जणांच्या मोहिमेत बरे करणारे नीट काम करत असतील तर कोणाच्या ते लक्षातही येत नसे. चुकले तर सर्वांना कळे. घरातील, रुग्णालयातील वा शाळेतील शुश्रूषेचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना ही स्थिती अपरिचित वाटणार नाही.

चौथी व पाचवी आवृत्ती : जखमेचे विसर्जन

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने मूळ रचनाच बदलली. प्रत्येक पात्राकडे ‘हीलिंग सर्ज’ या नावाचा स्वतःच्या भरपाईचा साठा आला. ‘क्युअर लाइट वूंड्स’ हे नाव टिकले, पण दुय्यम स्थानावर. क्लेरिकचे मुख्य साधन ‘हीलिंग वर्ड’ हा दुरून उच्चारायचा शब्द झाला. वॉरलॉर्ड हा सेनानी तर जादूशिवाय, केवळ प्रोत्साहनाच्या शब्दांनी साथीदारांना उभे करू लागला. गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये दिलेल्या उत्तराची ही तार्किक परिणती होती. हानी जर धैर्याचीही असेल तर धीराच्या शब्दाने ती भरून का निघू नये? अनेक जुन्या खेळाडूंना मात्र ओरडून जखम भरणे पटले नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मंत्राच्या नावातून ‘लाइट’ हा शब्द गळाला आणि केवळ ‘क्युअर वूंड्स’ उरले. आठ बाजूंच्या फाशात क्लेरिकच्या गुणवत्तेचा अंक मिळवायचा, अशी नवी रीत आली. हा अंक तीन धरल्यास सरासरी साडेसात पॉइंट होतात. शाखा ‘इव्होकेशन’, म्हणजे ऊर्जेच्या आविष्काराची झाली. आठ तासांच्या विश्रांतीने सर्व हिट पॉइंट परत मिळू लागले. १९७४ मध्ये जी जखम भरायला आठवडे लागत, ती आता एका झोपेत नाहीशी होते.

परिणामी मंत्राचे कार्यच पालटले. रात्रीची झोप सर्व काही भरून देत असल्याने लढाईनंतर मंत्र खर्च करण्याची निकड कमी झाली. याउलट, शून्यावर आलेले पात्र आता लगेच मरत नाही. ते बेशुद्ध पडते आणि जीवन-मरणाचे फासे टाकू लागते. अशा वेळी एक पॉइंट मिळाला तरी ते उठून लढू शकते. त्यामुळे उपचार लढाईच्या ऐन मध्यात, तोही जोडीदार कोसळल्यावरच करणे शहाणपणाचे ठरले. १९७४ चा मंत्र जिवंत माणसाला मरणापासून दूर ठेवण्यासाठी होता, २०१४ चा मंत्र मरणाच्या दारातून माघारी आणण्यासाठी आहे. जखमी पण उभ्या असलेल्या सोबत्याकडे लक्ष देणे नियमांच्या हिशेबात तोट्याचे झाले.

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या सुधारित ‘प्लेअर्स हँडबुक’ने फाशांची संख्या दोनवर नेली. गुणवत्तेचा अंक पुन्हा तीन धरल्यास सरासरी १२ पॉइंट होतात, म्हणजे पहिल्या पातळीवरील धडधाकट योद्ध्याचे जवळजवळ संपूर्ण आयुष्य. पन्नास वर्षांनंतर मंत्र पुन्हा १९७४ च्या प्रमाणाशी येऊन मिळाला, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. कोसळण्यापूर्वीच उपचार करणे आता पुन्हा परवडू लागले आहे. शाखाही बदलून ‘ॲबज्युरेशन’, म्हणजे संरक्षणाची झाली.

निष्कर्ष

१. पन्नास वर्षांत मंत्राचा कालावधी दहा मिनिटांवरून सहा सेकंदांच्या फेरीतील एका कृतीवर आला आणि विश्रांतीचा काळ आठवड्यांवरून एका रात्रीवर आला. बरे होण्यासाठी लागणारा वेळ ही कल्पनाच खेळातून जवळजवळ हद्दपार झाली.

२. मंत्राच्या शाखा १९७८, २०००, २०१४ आणि २०२४ मध्ये चार वेळा वेगवेगळ्या ठरल्या. जीवन-मरणाची शक्ती, बाहेरून आणलेली मदत, ऊर्जा आणि संरक्षण ही ‘उपचार म्हणजे काय?’ या एकाच प्रश्नाची चार उत्तरे होत.

३. बायबलच्या छायेत जन्मलेला मंत्र क्रमाक्रमाने देवतेपासून सुटा झाला. सेनानी, जादूगार आणि प्रत्येक पात्राचा स्वतःचा साठा यांनी धर्मगुरूची मक्तेदारी संपवली.

४. शुश्रूषेचा भार एका व्यक्तीवर पडू नये यासाठी २००० पासूनच्या प्रत्येक आवृत्तीने उपाय योजले. हे काम आवश्यक पण दुर्लक्षित असते, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच आहे.

५. तिसऱ्या आवृत्तीतील किमती पाहता, चमत्काराच्या जगातही उपचाराची उपलब्धता संपत्तीवर अवलंबून राहते.

समारोप

अथर्ववेदातील ऋषी तुटलेल्या हाडाला नावाने हाक मारतो आणि मेर्सेबुर्ग येथील अज्ञात मांत्रिक घोड्याच्या लचकलेल्या पायाशी बोलतो. दोघांनाही जखम दिसत होती. खेळातील मंत्राला दिसते ती वजाबाकी. या वजाबाकीवर हसणे सोपे आहे. परंतु ती खेळणाऱ्या मुलामुलींनी दुसऱ्याच्या आकड्याकडे लक्ष ठेवण्याची, आपली मोजकी शक्ती सोबत्यासाठी राखून ठेवण्याची आणि ती केव्हा खर्च करावी याचा निर्णय घेण्याची सवय या मेजाभोवतीच अंगी बाणवली. १९७४ च्या नियमात त्यासाठी दहा मिनिटे थांबावे लागे. सारा गट भुयारात दिवा धरून जखमीजवळ बसून राही. पुढच्या आवृत्त्यांनी मंत्राला अधिक सामर्थ्य दिले, पण ती दहा मिनिटे परत दिली नाहीत. उपचाराचा इतिहास लिहिताना किती जखमा भरल्या याबरोबरच जखमीजवळ कोण किती वेळ बसले, याचीही नोंद घ्यावी लागते, हेच या छोट्या मंत्राच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासातून दिसून येते.